फायर अलार्म बंद असलेल्या दिवसांची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उंच इमारतींतील अग्निसुरक्षेची चर्चा आपल्याकडे एखादी दुर्घटना घडली की सुरू होते आणि ती बहुतेक वेळा यंत्रणा होती की नव्हती, ना-हरकत प्रमाणपत्र घेतले होते की नव्हते, या दोन प्रश्नांभोवतीच फिरते. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. यंत्रणा बसवलेली आहे, कागदपत्रेही पूर्ण आहेत, पण आज काही कारणाने फायर अलार्म बंद आहे. तर तो पुन्हा सुरू होईपर्यंत त्या इमारतीत राहणाऱ्या, झोपणाऱ्या, उपचार घेणाऱ्या माणसांची काळजी कोणी आणि कशी घ्यायची? इमारतींच्या विद्युत देखभालीचे काम मी निवृत्त होईपर्यंत केले आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की, हा प्रश्न अपवादात्मक नाही. आपल्या शहरांत आज रात्रीही कित्येक इमारतींच्या तळमजल्यावरील अलार्म पॅनेलवर बिघाडाचा पिवळा दिवा लागलेला असेल आणि त्याकडे पाहणारे कोणी नसेल.

अलार्म बंद पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. पावसाळ्यात छतातून झिरपलेले पाणी धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या बैठकीत उतरते. उंदीर वायर कुरतडतात. डिटेक्टरच्या जाळीतून बारीक किडे आत शिरतात आणि धूर नसतानाही भोंगे वाजू लागतात. एखाद्या सदनिकेत फरशी कापण्याचे किंवा भिंत घासण्याचे काम निघाले की धुळीमुळेही तसेच होते. मग कंत्राटदाराची माणसे डिटेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात आणि काम संपल्यावर ती तशीच राहते. मध्यरात्री दोन-तीन वेळा विनाकारण भोंगा वाजला की रहिवासी चिडतात, सुरक्षारक्षकाला बोलणी बसतात आणि तो पॅनेलचा आवाज बंद करून टाकतो किंवा तो संपूर्ण विभागच यंत्रणेतून वगळतो. पॅनेलमधील बॅटऱ्या कधी बदलल्या होत्या, हे तर अनेक ठिकाणी कोणालाच सांगता येत नाही. त्या निकामी झाल्या असतील तर वीज गेल्याबरोबर अलार्मही जातो आणि वीज जाण्याचे कारण मीटर-खोलीतील आग हेच असेल, तर यंत्रणा नेमक्या हव्या त्या क्षणी मुकी होते.

दुरुस्ती लांबण्याची कारणे वेगळी असतात. जुन्या पॅनेलचे सुटे भाग मिळत नाहीत, देखभालीचा करार संपलेला असतो, तीन दरपत्रके मागवायची असतात, समितीची निवडणूक तोंडावर असते, खर्च मोठा म्हणून विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यायचा असतो. यातले प्रत्येक कारण आपापल्या जागी खरे असू शकते. पण दुरुस्तीला वेळ लागणार हे मान्य केले, तर त्या वेळात काय करायचे हेही त्याच बैठकीत ठरले पाहिजे. ते ठरलेले मी क्वचितच पाहिले आहे.

या बाबतीत आपला कायदा काय सांगतो, हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याच्या कलम ३ नुसार, ज्या इमारतींना हा कायदा लागू आहे त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने या उपाययोजना सदैव सुस्थितीत आणि कार्यक्षम ठेवायच्या आहेत आणि तसे परवानाधारक अभिकरणाचे (एजन्सीचे) प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत सादर करायचे आहे. बसवलेल्या यंत्रणेत ढवळाढवळ करण्यासही त्यात मनाई आहे. ‘सदैव’ हा शब्द महत्त्वाचा आहे, पण व्यवहारात आपण त्याचा अर्थ वर्षातून दोन वेळा असा करून ठेवला आहे. जानेवारीत यंत्रणा चालू होती, जुलैमध्ये चालू होती. मधल्या काळात ती सात आठवडे बंद होती की सात तास, याचा मागमूसही त्या प्रमाणपत्रात उरत नाही.

आगीची सूचना वेळेत न मिळणे किती महागात पडू शकते, याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि दहा बाळे दगावली. सात बाळांना वाचवता आले. धूर प्रथम लक्षात आला तो कर्तव्यावरील परिचारिकेच्या आणि तोवर कक्षात धूर कोंडलेला होता. माणसाच्या नजरेला आग दिसेपर्यंत किती वेळ निघून गेलेला असतो, ते या घटनेने महाराष्ट्राला दाखवले. गोरेगावमध्ये ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावरील वाहनतळात आग लागली आणि माणसे गाढ झोपेत असताना धूर वरच्या मजल्यांपर्यंत पोचला. अलार्म आग विझवत नाही, ही गोष्ट खरी आहे. तो मिळवून देतो ती सुरुवातीची काही मिनिटे, आणि झोपलेल्या माणसाला त्या मिनिटांची जागा दुसरी कोणतीही गोष्ट सहजासहजी भरून देऊ शकत नाही, कारण धुराच्या वासाने आपल्याला जाग येईल हा समज धोकादायक आहे. विषारी वायूंनी झोप अधिकच गाढ होते.

हाँगकाँगच्या ताय पो भागातील वांग फुक कोर्ट या आठ मनोऱ्यांच्या वसाहतीत २६ नोव्हेंबर २०२५ रोजी लागलेल्या आगीत दीडशेहून अधिक माणसे गेली. इमारतींचे नूतनीकरण चालू होते, बाहेरून बांबूंच्या परांच्या आणि जाळ्या लावलेल्या होत्या. अलार्म वाजलाच नाही, असे अनेक रहिवाशांनी सांगितले आणि नंतरच्या तपासणीत आठही इमारतींमधील अलार्म नीट काम करत नसल्याचे तेथील अग्निशमन विभागाला आढळले. रंगकाम, वॉटरप्रूफिंग, संरचनात्मक दुरुस्ती यासाठी महिनोन् महिने परांच्या बांधलेल्या इमारती आपल्याकडे प्रत्येक गल्लीत दिसतात. त्यांच्या संदर्भात हे उदाहरण प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने वाचले पाहिजे, कारण आगीचा धोका वाढणे आणि अलार्म बंद असणे या दोन्ही गोष्टी दुरुस्तीच्या काळात एकत्र येतात.

आणखी एक गोष्ट सर्वसामान्य रहिवाशाला ठाऊक नसते. अलार्म पॅनेल बंद झाले की केवळ भोंगे बंद होत नाहीत. अनेक नव्या इमारतींत त्या पॅनेलच्या इशाऱ्यावर लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबतात, वातानुकूलन यंत्रे बंद होऊन धूर पसरणे थांबते, जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवेचा दाब वाढवणारे पंखे सुरू होतात आणि कार्डाने उघडणारी दारे आपोआप मोकळी होतात. पॅनेल बंद असेल तर हे सारे कोणाला तरी हाताने करावे लागणार. म्हणून ‘अलार्म बंद आहे’ एवढे म्हणून भागत नाही; त्याच्यावर अवलंबून असलेल्या कोणकोणत्या गोष्टी आपोआप होणार नाहीत, याची यादी करून प्रत्येकीपुढे एका माणसाचे नाव लिहावे लागते. याउलट स्प्रिंकलर आणि हायड्रंटचे पंप बहुतेक ठिकाणी पाण्याचा दाब घसरला की आपले आपण सुरू होतात, त्यांना अलार्मची गरज नसते. तेव्हा अलार्म बंद असलेल्या काळात निदान पंपाचा स्विच ‘ऑटो’वर आहे ना, टाकी भरलेली आहे ना आणि व्हॉल्व्ह उघडे आहेत ना, एवढे रोज पाहिले तरी मोठा आधार राहतो. अलार्मची आणि पंपाची दुरुस्ती एकाच आठवड्यात काढणे तर कटाक्षाने टाळले पाहिजे. कंत्राटदाराला ते सोयीचे असते, इमारतीला नसते.

इतर देशांनी या मधल्या काळासाठी स्पष्ट नियम केले आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेच्या संहितेनुसार चोवीस तासांत चार तासांहून अधिक काळ फायर अलार्म बंद राहणार असेल, तर संबंधित प्राधिकरणाला कळवावे लागते आणि इमारत रिकामी करावी लागते किंवा अलार्म पूर्ववत होईपर्यंत मान्यताप्राप्त अग्निपहारा, म्हणजे आगीवर नजर ठेवत फिरणारी माणसे, ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये जून २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरच्या आगीत बहात्तर जणांचा जीव गेल्यानंतर, ज्वलनशील आवरण असलेल्या अनेक इमारतींत असा जागता पहारा ठेवावा लागला. त्याचा खर्च रहिवाशांना इतका जड गेला की, पहाऱ्याऐवजी अलार्म बसवता यावेत म्हणून तिथल्या सरकारला डिसेंबर २०२० मध्ये तीन कोटी पौंडांचा निधी जाहीर करावा लागला. पहारा हा अलार्मला पर्याय नाही, तो काही तासांचा किंवा दिवसांचा टेकू आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पण टेकू तरी नीट हवा. आपल्याकडे ‘वॉचमन आहे ना’ एवढ्यावर हा विषय संपतो. फाटकाशी बसून गाड्यांची नोंद करणारा, पार्सलवाल्यांना अडवणारा आणि पाण्याचा पंप चालू-बंद करणारा सुरक्षारक्षक अग्निपहारा देऊ शकत नाही. त्या कामावर नेमलेल्या माणसाला दुसरे काम असता कामा नये. त्याने प्रत्येक मजल्यावरून, विजेच्या डक्टजवळून, मीटर-खोली, तळघर, जनित्र, लिफ्टची यंत्रखोली आणि जिथे इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होतात अशा कोपऱ्यांतून फिरत राहिले पाहिजे. दिवसा अर्ध्या तासाने एक फेरी चालेल, रात्री माणसे झोपल्यावर पंधरा मिनिटांनी हवी, असे माझे मत आहे. वीस-बावीस मजल्यांच्या इमारतीत एका माणसाला हे शक्य नाही. तिथे दोन किंवा तीन माणसे लागतील आणि त्यांचा पगार द्यावा लागेल. पहाऱ्यावरच्या प्रत्येकाजवळ टॉर्च, चार्ज केलेला मोबाइल, मोठ्या आवाजाची शिट्टी किंवा हाताने वाजवायचा भोंगा आणि सर्व सामाईक दारांच्या किल्ल्या असल्या पाहिजेत. प्रत्येक फेरीची वेळ त्याने वहीत लिहिली पाहिजे आणि पाळी बदलताना पुढच्या माणसाला तोंडी व लेखी सांगितले पाहिजे. सुरक्षा एजन्सीची माणसे वरचेवर बदलतात. काल रुजू झालेल्या रक्षकाला अलार्म बंद असल्याचे कोणी सांगितलेलेच नाही, असा प्रसंग मी एका मोठ्या कार्यालयीन संकुलात स्वतः पाहिला आहे.

आग दिसली तर पहाऱ्यावरच्या माणसाने काय करायचे, याचा क्रमही आधी ठरलेला हवा. आधी १०१ किंवा ११२ ला फोन, त्याच वेळी आरडाओरडा करून त्या मजल्यावरील आणि वरच्या मजल्यांवरील लोकांना उठवणे, आणि मगच, आग लहान असेल व पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल तर, अग्निशामक सिलिंडर. आपल्याकडे नेमके उलटे घडते. आधी खात्री करायला माणूस वर पाठवला जातो, मग सचिवांना फोन, मग अध्यक्षांना, आणि अग्निशमन दलाला सर्वांत शेवटी. फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या अडतीस मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अलार्म वाजल्यावर एक अभियंता पाहणीसाठी लिफ्टने बाविसाव्या मजल्यावर गेला. दार उघडताच धूर आणि उष्णतेचा लोट आत आला. त्याने वायरलेसवरून कळवल्यामुळे खालच्या रक्षकाने लिफ्ट परत खाली बोलावली, म्हणून तो वाचला. तोवर इमारतीतून अग्निशमन दलाला कोणी फोनच केलेला नव्हता. त्या आगीत पुढे तीन अग्निशामक मृत्युमुखी पडले. अलार्म वाजल्यावर प्रशिक्षित माणसांच्या हातून असे होत असेल, तर तो न वाजता केवळ धुराच्या वासावरून शोध घेणाऱ्या रक्षकाला लिफ्ट वापरायची नाही आणि फोन आधी करायचा, हे किती वेळा सांगितले पाहिजे याचा विचार व्हावा.

गृहनिर्माण संस्थांना यापलीकडेही बरेच काही फारशा खर्चाविना करता येते. ज्या मजल्यांवर बिघाड आहे तेवढाच विभाग बंद ठेवून बाकीची यंत्रणा चालू ठेवता येते का, हे तंत्रज्ञाला पहिल्याच दिवशी विचारावे. पुष्कळदा ते शक्य असते आणि केवळ सोपे म्हणून सगळे पॅनेल बंद केले जाते. बॅटरीवर चालणारे स्वतंत्र स्मोक अलार्म बाजारात मिळतात, ते तात्पुरते मार्गिकांमध्ये आणि मीटर-खोलीजवळ लावता येतात. अलार्म बंद असेपर्यंत वेल्डिंग, गॅस-कटिंग, टर्पेंटाइन किंवा थिनर वापरून करायची कामे थांबवावीत. अगदीच अपरिहार्य असतील तर काम संपल्यावरही किमान तासभर तिथे माणूस बसवावा, कारण ठिणगी लाकडात किंवा कापसात बराच वेळ धुमसत राहते. जिन्यातील सायकली, जुनी कपाटे आणि चपलांचे स्टँड हलवायला याहून योग्य वेळ नाही. दिवाळीत, जेव्हा गच्चीवर फटाके आणि गॅलऱ्यांत पणत्या असतात, त्या आठवड्यात तर नियोजित दुरुस्तीसाठी यंत्रणा बंद ठेवूच नये.

आणि सर्वांत आधी, लोकांना सांगावे. अलार्म बंद आहे, कधीपासून, कधीपर्यंत, तोवर आगीची सूचना कोणत्या आवाजाने मिळेल आणि जबाबदार व्यक्ती कोण, हे मराठीत व हिंदीत लिहून प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ लावावे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले म्हणजे सांगितले असे होत नाही, कारण घरकामाला येणाऱ्या बायका, भाडेकरू विद्यार्थी आणि एकटे राहणारे वृद्ध त्या गटात नसतात. ज्यांना ऐकू कमी येते, चालता येत नाही, जे ऑक्सिजनवर आहेत, त्यांच्या घरांची यादी पहाऱ्यावरच्या माणसाकडे असावी आणि त्यांना उठवण्याची व खाली आणण्याची जबाबदारी शेजारच्या दोन घरांनी नाव घालून घ्यावी. समित्या हे सांगायला कचरतात, कारण रहिवासी घाबरतील किंवा जाब विचारतील अशी भीती असते. रहिवाशांनी जाब विचारायलाच हवा.

रुग्णालयांचा विषय अधिक गंभीर आहे. अतिदक्षता विभाग किंवा शस्त्रक्रियागृह हाकेसरशी रिकामे करता येत नाही, तिथे ऑक्सिजन वाहता असतो आणि रुग्ण स्वतः उठू शकत नाहीत. तिथे अलार्म बंद असणे ही देखभाल विभागाची अंतर्गत बाब मानता कामा नये. तो बंद झाल्याक्षणी प्रत्येक कक्षाच्या प्रमुख परिचारिकेला कळले पाहिजे, त्या पाळीत कक्षागणिक एक जादा माणूस केवळ लक्ष ठेवायला असला पाहिजे आणि ऑक्सिजनचा कोणता व्हॉल्व्ह कोणी, कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, हे त्या माणसाला तोंडपाठ असले पाहिजे.

आता शासनाकडे आणि महापालिकांकडे असलेल्या अपेक्षा. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाने अलार्म किती तासांहून अधिक बंद राहिला की कळवणे बंधनकारक आहे, याची मर्यादा नियमांतच घालून द्यावी आणि ती चोवीस तासांत चार तासांहून अधिक नसावी. कळवण्यासाठी एक साधा दूरध्वनी क्रमांक किंवा ऑनलाइन नोंद पुरेशी आहे. स्थानिक अग्निशमन केंद्राला कोणत्या इमारतीत यंत्रणा बंद आहे हे ठाऊक असेल, तर तिथून आलेल्या पहिल्या फोनवर ते वेगळ्या तयारीने निघतील. पण एक अट महत्त्वाची आहे: स्वतःहून आणि वेळेत कळवणाऱ्याला नोटीस किंवा दंड होऊ नये. आज बिघाड कळवला तर आपणच अडकू, या भीतीने संस्था गप्प बसतात आणि जुलैच्या आत कसेबसे पॅनेल चालू करून प्रमाणपत्र घेतात. दंड लपवणाऱ्याला असावा, आणि तो जबर असावा. त्याबरोबरच फॉर्म बीमध्ये एक रकाना वाढवावा, ज्यात मागील सहा महिन्यांत यंत्रणा कधी आणि किती तास बंद होती व त्या काळात कोणती पर्यायी व्यवस्था केली, हे परवानाधारक अभिकरणाने नोंदवही पाहून लिहावे. सहकार खात्यानेही अलार्म व अग्निशमन यंत्रणेची दुरुस्ती ही तातडीची बाब मानून तिच्यासाठी सर्वसाधारण सभेची वाट पाहावी लागणार नाही, असे स्पष्ट परिपत्रक काढावे.

दुरुस्ती झाल्यावरची तपासणीही आपण उरकून टाकतो. पॅनेलवर हिरवा दिवा लागला म्हणजे यंत्रणा चालू झाली असे समजले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक विभागातील निदान एका डिटेक्टरवर चाचणीचा धूर फवारून, प्रत्येक मजल्यावरील काचेमागचे बटण दाबून आणि मुख्य वीजपुरवठा तोडून बॅटरीवर भोंगे वाजतात का, ते पाहिले पाहिजे. भोंग्याचा आवाज झोपण्याच्या खोलीत, दार बंद करून आणि पंखा लावून ऐकू येतो का, हे तपासताना मी फार थोड्या लोकांना पाहिले आहे. वगळलेले सगळे विभाग परत जोडले गेले की नाही, डिटेक्टरवरच्या पिशव्या निघाल्या की नाही, हे फिरून पाहावे, वहीत सही करावी आणि मगच पहारा उठवावा.

शेवटी एक सूचना अग्निशमन दलांसाठी. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या सहासष्ट अग्निशामकांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो आणि इमारतींमध्ये सरावही घेतले जातात. हे सराव नेहमी भोंगा वाजवून सुरू होतात. येत्या एप्रिलपासून प्रत्येक प्रभागातील काही इमारतींत आणि शासकीय रुग्णालयांत अलार्म न वाजवता सराव घ्यावा: रक्षकाला तिसऱ्या मजल्यावर धूर दिसला आहे असे गृहीत धरून, तिथपासून शेवटचा रहिवासी जागा होऊन जिन्याला लागेपर्यंत किती मिनिटे जातात ते मोजावे आणि तो आकडा त्या इमारतीच्या सूचनाफलकावर लावावा.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता, ठाणे